न गोठलेल्या सरोवराची नोंद

चि. ———,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चाळीस छायाचित्रे मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मी ती छायाचित्रे पाहून बाजूला ठेवली आणि आठवडा उलटल्यावर पुन्हा काढली. पहिल्या खेपेला डोळ्यांत भरलेली चित्रे दुसऱ्या खेपेला कितपत टिकतात, हे पाहण्याची माझी ही जुनी खोड आहे. खरे सांगायचे तर चाळीसांपैकी सहा टिकली. क्योतोतील मेपलची लाल पाने, छत्री घेतलेली माइको (शिकाऊ गेइशा), संध्याकाळचे कंदील ही सगळी नेटकी टिपलेली आहेत, पण ती यापूर्वी अनेकांनी टिपली आहेत आणि यापुढेही टिपतील. उरलेल्या सहांपैकी एकात साकेच्या, म्हणजे तांदळाच्या मद्याच्या, कारखान्यामागे भात वाळत घालणारा माणूस आकाशाकडे पाहतो आहे. ते चित्र तू यादीत शेवटून दुसरे ठेवले आहेस. ते तिथे का ठेवलेस, हे मला विचारायचे आहे. पण ते भेटीत.

'जपानच्या लोप पावत चाललेल्या परंपरा आणि हवामान बदल' या तुझ्या प्रस्तावाबद्दल मात्र इथेच लिहितो. या शीर्षकातला 'लोप पावत चाललेल्या' हा भाग मला खटकतो. काय लोप पावते आहे, हे ठरवून तू विमानात बसणार असशील, तर तिथे तुला तेवढेच दिसेल. शिवाय प्रस्तावात दोन महिन्यांत अकरा ठिकाणे आहेत. म्हणजे प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला पाच दिवस येतात आणि त्यातला एक प्रवासात जातो. हवामान म्हणजे मुळात अनेक वर्षांची सरासरी. चार दिवसांत दिसते ते त्या चार दिवसांचे हवापाणी.

तुझे बर्फाविना असलेल्या फुजीचे चित्र घे. 2024 च्या शरद ऋतूत तसली चित्रे जगभर फिरली आणि त्यामागची बातमी खरी होती. कोफू येथील हवामान कार्यालयाने त्या वर्षी शिखरावरच्या पहिल्या बर्फाची नोंद 7 नोव्हेंबरला केली. 1894 पासूनच्या नोंदींत ही सर्वांत उशिराची तारीख आहे. आधीचा विक्रम 26 ऑक्टोबरचा होता, तर सरासरी तारीख 2 ऑक्टोबर आहे. पण ही नोंद कशी होते, हे तुला ठाऊक असायला हवे. कोफूच्या कार्यालयातून, पायथ्याच्या उत्तर बाजूने, नुसत्या डोळ्यांनी शिखर पांढरे दिसले तरच ती होते. मध्ये ढग आला तर बर्फ असूनही नोंद होत नाही. 2024 मध्येही आदल्या दिवशी दक्षिणेकडच्या लोकांना शिखरावर बर्फ दिसला होता, पण कोफूच्या बाजूला ढग होते. यामुळे नोंद खोटी ठरत नाही. उलट एकाच कार्यालयातली माणसे एकाच जागेवरून एकाच पद्धतीने शंभरांहून अधिक वर्षे पाहत राहिली, म्हणूनच तिला किंमत आहे. तुझ्या चित्राखाली मात्र फक्त 'फुजी, शरद' एवढेच लिहिले आहे. कोणता दिवस, कोणती वेळ, कोणती बाजू, यातले काहीच नाही. या अवस्थेत ते चित्र कशाचाही पुरावा नाही. तो एका सुंदर तपकिरी डोंगराचा फोटो आहे.

म्हणून अकरा ठिकाणांची यादी फाडून टाक आणि एकच जागा निवड, असे मी सुचवतो. कोणती, असे विचारशील तर मी नागानो प्रांतातले सुवा खोरे सांगेन. माझा तिथला लोभ जुना आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे माझ्या सल्ल्यातून तो वजा करणे तुला सोपे जाईल.

सुवा सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 760 मीटर उंचीवर आहे. त्याचा घेर जेमतेम 16 किलोमीटर आहे आणि पाणी उथळ आहे. कडाक्याच्या थंडीत ते काठापासून काठापर्यंत गोठते. गोठल्यानंतर रात्री थंडी वाढली की बर्फाचा थर आकसतो आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांत खालचे पाणी चढते आणि तेही गोठते. सकाळी तापमान वाढले की थर पुन्हा पसरू पाहतो, पण भेग आता भरलेली असते आणि पसरायला जागा नसते. मग बर्फ मोठा आवाज करत वर उचलला जातो आणि सरोवराच्या आरपार उंचवट्यांची एक वेडीवाकडी ओळ उभी राहते. तिला ओमिवातारी म्हणतात, म्हणजे देवाचे पलीकडे जाणे. दक्षिण काठावरच्या वरच्या देवस्थानातला ताकेमिनाकाता हा देव उत्तरेकडच्या खालच्या देवस्थानातल्या यासाकातोमे या आपल्या पत्नीला भेटायला बर्फावरून चालत जातो, आणि ती ओळ म्हणजे त्याची वाट, अशी श्रद्धा आहे. त्या वाटेचा रोख पाहून पीकपाण्याचे आणि वर्षाचे भाकीत करण्याची रीत आहे.

या घटनेच्या नोंदी 1443 पासून आहेत, आणि 1683 पासून त्या यात्सुरुगी देवस्थानाकडे आहेत. आजही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या शोकानपासून, म्हणजे 'लहान थंडी'पासून, फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रिश्शुनपर्यंत, म्हणजे वसंतारंभापर्यंत, देवस्थानाचे मुख्य पुजारी आणि त्यांच्याबरोबरचे मानकरी रोज पहाटे अंधारात काठावर जमतात. (त्यांना मानकरी म्हणणे मला योग्य वाटते, देवस्थानाशी पिढ्यान् पिढ्या बांधलेल्या घरांचे ते प्रतिनिधी असतात.) ते हवेचे आणि पाण्याचे तापमान मोजतात, बर्फ असेल तर तो फोडून त्याची जाडी पाहतात, वहीत लिहितात आणि आपापल्या कामाला जातात. ज्या वर्षी वाट उमटते, त्या वर्षी विधी होतो आणि वृत्तांत वर कळवला जातो. ज्या वर्षी उमटत नाही, त्या वर्षी 'आके नो उमी' असे जाहीर होते, म्हणजे सरोवर समुद्रासारखे उघडेच राहिले. शेवटची वाट 2018 मध्ये उमटली. 2019 ते 2025 अशी सलग सात वर्षे वहीत 'आके नो उमी' लिहिले गेले.

इथे क्षणभर थांब आणि या वहीचा विचार कर. उत्तर अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये या नोंदी फिनलंड-स्वीडन सीमेवरच्या तोर्न नदीच्या नोंदींबरोबर अभ्यासल्या. पहिल्या अडीचशे वर्षांत सरोवर न गोठल्याची वर्षे अवघी तीन होती. 1955 ते 2004 या पन्नास वर्षांत ती बारा झाली, आणि पुढच्या दहाच वर्षांत पाच. ज्या पुजाऱ्यांनी या नोंदी ठेवल्या त्यांना हवामानशास्त्राशी काही देणेघेणे नव्हते. देव गेला की नाही, एवढेच त्यांना लिहायचे होते. पण देव गेला नाही, हेही त्यांनी तितक्याच काळजीने लिहिले, आणि आज अभ्यासकांना उपयोगी पडते ते नेमके हेच. घडलेली गोष्ट सगळेच टिपतात. न घडलेली गोष्ट तारीख घालून कशी टिपायची, हे तुला या वहीकडून शिकायचे आहे. तुझ्या सगळ्या प्रकल्पाचा पेच मला इथेच दिसतो: तुझा विषय म्हणजे एक अभाव आहे, आणि कॅमेऱ्यासमोर जे नाही त्याचे चित्र कॅमेरा काढू शकत नाही.

मग काय काढायचे? वाट पाहणारी माणसे काढायची. पाण्यात सोडलेला तापमापक, टेकून ठेवलेली आणि वापरावी न लागलेली कुऱ्हाड, वहीवर वाकलेला हात, समोरचे काळे हलते पाणी. अशी तीस पहाटांची तीस चित्रे शेजारी शेजारी लाव, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते दिसेल. यातले कोणतेही एक चित्र मुखपृष्ठावर जाणार नाही, हे मान्य करूनच तू या कामात उतर.

मी ते मान्य केले नव्हते. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी पहिल्यांदा सुवाला गेलो, तेव्हा एका नियतकालिकाने मला 'देवाच्या वाटे'चे चित्र आणायला सांगितले होते. मी बारा दिवस थांबलो आणि सरोवर काही गोठले नाही. शेवटच्या दोन दिवसांत काठाजवळच्या लव्हाळ्यांच्या आडोशाला हातभर रुंदीचा बर्फाचा पट्टा धरला होता. मी गुडघ्यांवर बसलो, लांब पल्ल्याची लेन्स लावली आणि चौकट इतकी आवळली की मागचे उघडे पाणी बाहेरच राहिले. चित्र छापून आले आणि खाली ओळ होती, 'गोठलेले देवसरोवर'. ती ओळ मी लिहिली नव्हती, पण मी ती दुरुस्तही केली नाही. त्या चित्रात एकही खोटा कण नव्हता आणि तरी ते संपूर्ण खोटे होते. छायाचित्रात काही खोडणे, भरणे, हलवणे वाईट, हे तू जाणतेसच. चौकटीच्या कडेनेही खोटे बोलता येते, हे मात्र माझ्या अनुभवातून सांगतो. 1950 च्या दशकात छायाचित्रकार केन दोमोन यांनी जपानमधल्या हौशी छायाचित्रकारांना रचना न करता, काहीही न मांडता चित्र टिपण्याचा आग्रह धरला होता. मी त्या आग्रहाच्या गप्पा पुष्कळ मारत असे, आणि तरी असे केले.

तारखेबद्दल आणखी थोडे लिहितो, कारण तुझ्या चाळीस चित्रांत ती एकदाही नाही. क्योतोमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा मोहोर, कधी बहरला याच्या नोंदी नवव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळतात. त्या एका वहीत नाहीत. दरबारातल्या लोकांच्या रोजनिशा, सम्राटांच्या पुष्पोत्सवांचे वृत्तांत, भिक्षूंची टिपणे अशा विखुरलेल्या कागदांतून त्या ओसाका येथील अभ्यासक यासुयुकी आओनो यांनी वर्षानुवर्षे खपून एकत्र केल्या. 2021 मध्ये क्योतोतला पूर्ण बहर 26 मार्चला आला, आणि बाराशे वर्षांत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख 27 मार्च होती, पण ती 1409 सालची. एकोणिसाव्या शतकात हाच बहर सर्वसाधारणपणे एप्रिलच्या मध्यावर येत असे. त्या रोजनिशांमध्ये फुलांची वर्णनेही भरपूर आहेत, पण अभ्यासाला उपयोगी पडला तो दिवस. अर्थात जुन्या तारखा जशाच्या तशा घेता येत नाहीत. जपानने 1873 मध्ये नवे कॅलेंडर स्वीकारले. त्यापूर्वीच्या चांद्र तिथ्या आणि राजवटींची वर्षे आजच्या तारखांत बसवावी लागतात. शके आणि इसवी सन यांचा मेळ घालत मोडी कागद वाचणाऱ्या आपल्याकडच्या अभ्यासकांना ही डोकेदुखी नवी नाही.

याच 2021 मध्ये आणखी एक गोष्ट घडली आणि तिची फारशी बातमी झाली नाही. जपानची हवामान संस्था 1953 पासून देशभर ऋतूंच्या खुणा नोंदवत असे: पहिली चिमणपाकोळी कधी दिसली, पहिला काजवा कधी चमकला, सिकाडा या किरकिरणाऱ्या कीटकाची कोणती जात कधी ओरडू लागली. अशा 57 जातींची निरीक्षणे होती. त्या वर्षापासून ती सहा वनस्पतींवर आणली गेली आणि प्राण्यांची सगळी बंद झाली. ठरलेल्या ठिकाणी ते प्राणी दिसेनासे झाले होते, हे त्याचे एक कारण. ज्या देशाच्या कवितेत ऋतुवाचक शब्द असावा असा संकेत आहे, ज्याच्या जुन्या पंचांगात वर्षाचे बहात्तर बारीक ऋतू आहेत, तिथली ही गोष्ट आहे. हे सगळे तुझ्या विषयात बसते, पण याचे चित्र कसे काढशील, हे मला खरोखरच सुचत नाही. तुला सुचले तर कळव.

आता एका धोक्याविषयी. तुझ्या प्रस्तावात आमांवर एक भाग आहे, म्हणजे इसे-शिमा किनाऱ्यावर श्वास रोखून बुडी मारणाऱ्या, अवाबी नावाचे मोठे शिंपले आणि समुद्रवनस्पती काढणाऱ्या स्त्रियांवर. तू लिहितेस की 'समुद्र तापल्यामुळे आमा संपत चालल्या आहेत'. हे सुतावरून स्वर्ग गाठणे झाले. 1956 मध्ये जपानमध्ये 17,000 हून अधिक आमा होत्या, आणि तोबा येथील समुद्र-संग्रहालयाने 2022 मध्ये केलेल्या मोजणीत त्या 1,200 च्या आसपास भरल्या. पण या घसरणीचा मोठा भाग इसोयाके, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरची समुद्रवनस्पतींची राने उजाड होणे, हा शब्द रोजच्या बोलण्यात येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. मुली शिकल्या, शहरात गेल्या, कारखान्यात आणि कार्यालयात लागल्या; बुडी मारणाऱ्या बायकांचे वय वाढत गेले. मुलींना बुडीचे कष्ट नको होते, असा याचा सरळ अर्थ आहे आणि त्यात शोक करण्यासारखे काही नाही.

समुद्राची गोष्ट याच्या जोडीला येते आणि तीही गुंतागुंतीची आहे. इसोयाके म्हणजे शब्दशः 'किनारा जळणे'. खडकावरची आरामे आणि काजिमे ही तपकिरी वनस्पतींची राने मरतात, खडक उघडे पडतात आणि त्या रानांवर जगणारा अवाबी उपाशी राहतो. जपानभोवतीच्या समुद्राचे तापमान गेल्या शंभर वर्षांत सुमारे 1.3 अंशांनी वाढले आहे, आणि जगाच्या सरासरीपेक्षा ही वाढ दुपटीहून अधिक आहे. पण इसे-शिमाच्या किनाऱ्याला अलीकडे जो मोठा फटका बसला, त्यात कुरोशिओ प्रवाहाच्या वळणाचाही हात होता. ऑगस्ट 2017 पासून एप्रिल 2025 पर्यंत, म्हणजे सात वर्षे नऊ महिने, हा उष्ण प्रवाह नेहमीची वाट सोडून मोठा वळसा घेत वाहत होता आणि त्यातून कोमट पाणी या किनाऱ्याकडे ढकलले जात होते. हिवाळ्यात पाणी पुरेसे थंड न झाल्याने वनस्पती खाणारे मासे थंडीतही चरत राहिले. असा वळसा पूर्वीही पडत असे, तो केवळ तापमानवाढीचे अपत्य नाही. तेव्हा एका ओसाड खडकाच्या चित्राखाली तू काय लिहिणार? मी लिहीन: जागा, खोली, तारीख, पाण्याचे तापमान, आणि 'इथे अमुक सालापर्यंत काजिमे होते असे इथल्या तीन आमांनी सांगितले'. यापुढचा निष्कर्ष समुद्रशास्त्रज्ञांना काढू दे.

आणखी एक बारीक गोष्ट. पांढऱ्या सुती वेशातल्या ज्या आमांची चित्रे तू नमुन्यादाखल जोडली आहेस, त्या पर्यटकांसमोर प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या आहेत. कामावरची आमा बहुधा काळ्या रबरी पोशाखात असते, डोक्याच्या फडक्यावर मात्र तारा आणि जाळी अशी दोन रक्षक चिन्हे अजून शिवलेली असतात. रबरी पोशाखाच्या जोडीची ती जुनी चिन्हे मला पांढऱ्या वेशापेक्षा अधिक बोलकी वाटतात. इसे-शिमा ज्यात येते त्या मिए प्रांतात 10.6 सेंटिमीटरहून लहान अवाबी काढता येत नाही. त्यासाठी आमा मोजपट्टी जवळ बाळगतात आणि लहान शिंपला परत सोडतात. ती मोजपट्टी टिप. संसाधन जपण्याचा नियम या लोकांनी आधीपासून पाळला आहे, ही बाब 'बिचाऱ्या आमा' अशा चित्रणात नेहमी हरवते.

समुद्र तुला सोडवत नसेल, तर समुद्रातून सुवाला जाणारा एक धागा आहे. आमा काढतात त्यांपैकी तेंगुसा ही लाल वनस्पती डोंगरात येते आणि तिच्यापासून कान्तेन बनते. आपल्या स्वयंपाकघरात दुधाची खरवससारखी वडी लावायला जे चायना ग्रास वापरतात, तेच हे. सुवाला लागूनच असलेल्या चिनो गावात डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हे काम चालते. तेंगुसा उकळून, गाळून, थिजवून जेलीचे लांबट तुकडे करतात आणि ते कापणी झालेल्या भातखाचरांत उघड्यावर मांडतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हाने वितळून त्यांतले पाणी ठिबकते, पुन्हा गोठतात, आणि असे दोनेक आठवडे चालले की हाती पिसासारखी हलकी कोरडी कांडी येते. यंत्र काही नाही. रात्रीची खणखणीत थंडी आणि दिवसाचे कोरडे ऊन हेच यंत्र. रात्र उबदार गेली किंवा जानेवारीत पाऊस पडला, की माल बिघडतो. त्याच खोऱ्यात, कामिसुवा गावातल्या एका रस्त्यावर पाच जुनी साके-घराणी हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांना भेडसावते ते दुसरेच: उन्हाळा फार तापला की तांदळाचा दाणा कठीण होतो आणि आंबवणीत नीट विरघळत नाही. सरोवर, खाचर आणि साकेचे पिंप, तिन्ही एकाच खोऱ्यात, पायी आणि सायकलने गाठता येण्याजोगे. म्हणून म्हणतो, अकरा ठिकाणे नकोत.

परंपरा हलतात, तेव्हा त्या मेल्या असे समजू नकोस. फुकुशिमा प्रांतातला सोमा नोमाओई हा चिलखत घालून घोडदौड करण्याचा उत्सव हजार वर्षांहून जुना मानला जातो. तो जुलैच्या अखेरीस होत असे. 2023 मध्ये उष्माघाताने दोन घोडे दगावले आणि शंभरांहून अधिक घोड्यांना त्रास झाला. 2024 पासून उत्सव मेच्या अखेरीस होऊ लागला. चिलखते तीच, निशाणे तीच, पण मागची झाडी वेगळ्या हिरव्या रंगाची आणि ऊन वेगळ्या कोनाचे. 2023 चे आणि 2024 चे चित्र शेजारी ठेवले तर पाहणाऱ्याला तो फरक शोधावा लागेल आणि शोधता येईल. गिफू प्रांतात 1877 मध्ये सुरू झालेल्या एका साके-घराण्याने तर 2020 मध्ये सगळे बिऱ्हाड उचलून होक्काइदोतल्या हिगाशिकावा गावी नेले. थंड हवा आणि चांगले पाणी हवे होते, म्हणून. हिगाशिकावाने 1985 मध्ये स्वतःला 'छायाचित्रांचे गाव' म्हणून जाहीर केले आहे, तेव्हा तिथे तुझ्यासारख्यांचे स्वागतही होईल. पण पहिल्या वर्षी जाऊ नकोस.

पद्धतीसाठी गुरू हवा असेल तर छायाचित्रकार हिरोशी हामाया यांचे काम पाहा. 1940 मध्ये ते निइगाता प्रांतातल्या कुवादोरी खोऱ्यात गेले आणि बर्फात गाडल्या जाणाऱ्या त्या खेड्यातल्या 'धाकट्या नववर्षा'चे विधी, पाखरे हाकलण्याची गाणी म्हणत रात्री फिरणारी मुले, त्यांनी टिपली. केइझो शिबुसावा या लोकजीवनाच्या अभ्यासकाच्या सहवासाने त्यांना पाहावे काय ते कळले. मग ते पुन्हा पुन्हा त्याच खेड्यात जात राहिले, आणि ते काम पुस्तकरूपाने आले 1956 मध्ये. सोळा वर्षे लागली! हामाया हवामानाचा विचार करत नव्हते, पण त्यांच्या चित्रांत बर्फ घराच्या कितव्या फळीपर्यंत आहे ते मोजता येते. तुझी चित्रेही अशी मोजता यावीत. चौकटीत एखादा खांब, पायरी, दगडी कंदील असू दे, म्हणजे चाळीस वर्षांनी कुणाला तिथे उभे राहून तुलना करता येईल.

कारागिरीच्या गोष्टी भराभर सांगतो. दरवर्षी एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, एकाच लेन्सने निदान तीन ठरलेली चित्रे काढ आणि जागेची खूण लिहून ठेव. त्या तीन चित्रांसाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, दिवसाच्या उजेडावर कायम ठेव. कॅमेऱ्यावर सोपवलास तर तो प्रत्येक पहाट सारखीच करून टाकील. बर्फावर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि पांढऱ्याला राखाडी करतो, तेव्हा एक ते दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर दे. बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेव. थंडीतून गरम खोलीत शिरताना कॅमेरा आधी बंद पिशवीत घाल, नाहीतर लेन्सच्या आत दव धरेल. आणि कॅमेऱ्याचे घड्याळ जपानच्या वेळेला लाव. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेतीन तासांचे अंतर आहे. दुसऱ्या खेपेला मी डिजिटल कॅमेरा नेला आणि हे विसरलो, त्यामुळे माझ्या त्या सगळ्या पहाटा मध्यरात्रीनंतरच्या दिसतात, आणि मध्यरात्रीनंतर टिपलेला एक विधी चक्क आदल्या दिवसात जाऊन बसला आहे.

रीतिरिवाजांचे तू शिकशील, पण देवस्थानाच्या कार्यालयाला महिना-दोन महिने आधी जपानीत रीतसर पत्र पाठव, त्यात काय टिपणार आणि कुठे छापणार ते लिही. पोहोचल्यावर पहिले तीन दिवस कॅमेरा पिशवीतच राहू दे. नुसती उभी राहा. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवू नकोस. क्योतोच्या गिओन भागात 2019 पासून खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला बंदी करावी लागली ती तुझ्यामाझ्यासारख्यांच्या हावरटपणामुळेच. काढलेली चित्रे छापून त्या माणसांना परत नेऊन दे, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी परत आलेल्या माणसाशीच ते खरे बोलतात.

शोकान जानेवारीच्या 5 किंवा 6 तारखेला येते, तेव्हा तू 3 जानेवारीपर्यंत कामिसुवाला पोहोच. नववर्षाच्या सुट्यांमुळे मुक्कामाची जागा आताच पाहायला हवी. पैशांबद्दल तू संकोचाने लिहिले आहेस. एका जागेचा खर्च अकरा जागांच्या निम्म्याहून कमी येईल, नवा अंदाज करून पाठव, मग बोलू.

सोबत माझ्या पहिल्या खेपेच्या तीन कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे फिल्मवरच्या चौकटी लहान आकारात छापलेले कागद, पाठवत आहे. काठावरच्या बर्फाचे ते छापून आलेले चित्र दुसऱ्या शीटवर आहे, लाल पेन्सिलीने खूण केलेले. पण तिसऱ्या शीटवरची चौदावी चौकट भिंगाखाली पाहा. रबरी बूट घातलेला एक म्हातारा मानकरी पाण्यातून तापमापक वर काढून तो डोळ्यांजवळ धरतो आहे, आणि त्याच्यामागे काठापर्यंत उघडे पाणी आहे. ते चित्र मी कधीच छापले नाही, कारण त्यात काहीच घडत नव्हते. गेल्या महिन्यात त्या देवस्थानाच्या वहीतल्या त्या हिवाळ्याच्या पानाशी ते जुळवून पाहावे, असे मनात आले. त्या चौकटीवर तारीख नाही, आणि बारा दिवसांपैकी ती पहाट कोणती, हे मला आता काही केल्या आठवत नाही.

तुझा,
सर